१८४ विरुद्ध १२ : ज्युलियन बाँड आणि जॉर्जियाच्या विधानसभेतली रिकामी खुर्ची

रानजाई :

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात माझ्या सासूबाई इथे होत्या. परभणीला तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मॉल आणि मत्स्यालयात त्यांना रस नाही, म्हणून अटलांटातलं राज्याचं विधान भवन दाखवायला नेलं. घुमटावर सोन्याचा वर्ख आहे, आणि सोनंही याच राज्यातल्या डालोनेगा गावचं. सासूबाईंनी घुमटाकडे एकदा मान वर करून पाहिलं आणि आवारातल्या एका शिल्पापाशी जाऊन थांबल्या. शिल्पाच्या नावाचा अर्थ साधारण असा, की ‘रंगामुळे हाकललेले’.

"कुणी हाकललं यांना?"

"विधानसभेनंच, आई."

१८६८ साली, यादवी युद्ध संपून तीन वर्षं झाली होती तेव्हा, जॉर्जियाच्या विधिमंडळात ३३ कृष्णवर्णीय सदस्य निवडून आले. सप्टेंबरमध्ये गोऱ्या सदस्यांनी बहुमतानं त्यांना बाहेर काढलं. कारण काय, तर राज्यघटनेनं यांना मत द्यायचा हक्क दिलाय, पण पद भूषवायचा हक्क कुठे लिहिलाय! १८७० मध्ये वॉशिंग्टनच्या दबावामुळे त्यांना परत घ्यावं लागलं, पण पुढे वाट बंदच होत गेली. १९०७ नंतर या सभागृहांत एकही कृष्णवर्णीय माणूस नव्हता, थेट १९६२ पर्यंत.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हाकललेल्यांचं जाऊ दे. त्यांना मतं दिलेल्यांचं काय झालं?"

त्या प्रश्नामुळे मला नागरी हक्कांच्या चळवळीतले, पुढे इथले आमदार झालेले ज्युलियन बाँड आठवले आणि हा धागा काढावासा वाटला. याच राज्याच्या विधानसभेत, जवळजवळ शंभर वर्षांनी, तोच प्रकार पुन्हा झाला. या वेळी रंगाचं नाव कुणी घेतलं नाही. कारण देशभक्तीचं दिलं.

बाँड घराण्यापासून सुरुवात करते. आजोबा जेम्स बाँड १८६३ साली केंटकीत गुलाम आईच्या पोटी जन्मले. पोरवयात बेरिया कॉलेजात शिकायला ते पायी निघाले. फी भरायला पैसे नव्हते, म्हणून एक गोऱ्हा दावणीचा सोडून बरोबर घेतला. ती त्यांची फी. ज्युलियन ही गोष्ट आयुष्यभर भाषणांत सांगत आले. वडील होरेस मान बाँड शिक्षणतज्ज्ञ, पेन्सिल्व्हेनियातल्या लिंकन विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. आई ग्रंथपाल. १९४६ मध्ये खुद्द आइन्स्टाइन त्या विद्यापीठात आले होते, तेव्हा ज्युलियन सहा वर्षांचा होता (जन्म १४ जानेवारी १९४०, नॅशव्हिल). म्हणजे मुलगा गरिबीतला नव्हता. पुस्तकांच्या घरातला, क्वेकर शाळेत शांततावाद शिकलेला, उंच, देखणा, हळू बोलणारा. अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजात तो पोहायचा, कविता लिहायचा, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिथे शिकवलेल्या एकमेव वर्गातल्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी तो एक होता.

फेब्रुवारी १९६०. कॉलेजजवळच्या औषधांच्या दुकानात पोरं चहा-कॉफीला बसायची. लॉनी किंग नावाचा विद्यार्थी वर्तमानपत्र घेऊन ज्युलियनच्या टेबलाशी आला. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोत चार विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या काउंटरवर जाऊन बसले होते, त्याची बातमी. लॉनीनं विचारलं, हे इथेही व्हायला हवं, नाही का? ज्युलियन म्हणाला, करेल की कोणीतरी. लॉनी म्हणाला, ते कोणीतरी म्हणजे आपणच का नाही?

१५ मार्चला अटलांटात एकाच वेळी अनेक ठिकाणी विद्यार्थी जाऊन बसले. ज्युलियनच्या वाट्याला नगरपालिकेच्या इमारतीतलं उपाहारगृह आलं. दारावर पाटी होती, ‘सर्वांचं स्वागत आहे’. गल्ल्यावरची बाई म्हणाली, हे फक्त कर्मचाऱ्यांसाठी आहे. ज्युलियननं पाटीकडे बोट दाखवलं. बाई म्हणाली, "आम्हाला तसं म्हणायचं नाही." मला वाटतं, अमेरिकेच्या दक्षिणेचा सगळा इतिहास त्या एका उत्तरात आहे. पोलिस आले, पोरं तुरुंगात गेली.

त्यानंतर विद्यार्थ्यांच्या स्निक या संघटनेचं प्रसिद्धीचं काम बाँड यांच्याकडे आलं. मिसिसिपीत, अलाबामात कार्यकर्त्यांना मारहाण झाली, कुणाचं घर जळलं, की रात्री-अपरात्री फोन यायचा. बाँड तो उतरवून घ्यायचे, नावं आणि वेळा तपासायचे, आणि पत्रक करून वर्तमानपत्रांना पाठवायचे. आपण दक्षिणेतल्या छोट्या गावांची नावं आज ओळखतो, त्यात या टेबलामागच्या कामाचा वाटा मोठा आहे. मोर्चाच्या पहिल्या रांगेतले सगळ्यांना आठवतात. रात्री दोन वाजता फोन उचलणारा कुणाला आठवत नाही.

१९६५ मध्ये न्यायालयांच्या निकालांमुळे जॉर्जियात मतदारसंघ नव्यानं आखले गेले. तोवर ओसाड खेड्यांना शहरांपेक्षा जास्त वजन होतं. आता अटलांटाला नवे मतदारसंघ मिळाले. १३६व्या मतदारसंघात पंचवीस वर्षांचे बाँड उभे राहिले. दारोदार जाऊन ते आधी विचारायचे, तुम्हाला काय हवंय? लोक म्हणायचे, दिवसाची मजुरी धड मिळत नाही. म्हणून दोन डॉलर किमान वेतन हा त्यांचा मुद्दा झाला. जूनमध्ये ८२ टक्के मतं घेऊन ते निवडून आले.

शपथविधी १० जानेवारी १९६६ ला होता. ३ जानेवारीला अलाबामातल्या टस्कीगीत सॅमी यंग या तरुणाला पेट्रोल पंपावर गोळी घालून मारलं. तो नौदलात नोकरी करून आलेला. गुन्हा काय, तर गोऱ्यांचं स्वच्छतागृह वापरायला मागितलं. तीनच दिवसांनी स्निकनं व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पत्रक काढलं. सक्तीची लष्करभरती नाकारणाऱ्यांबद्दल आम्हाला सहानुभूती आहे, असं त्यात होतं. पत्रक बाँड यांनी लिहिलं नव्हतं. पण रेडिओच्या वार्ताहरानं फोन करून विचारलं, तुम्हाला हे मान्य आहे का? त्यांना ‘मी पाहून सांगतो’ म्हणता आलं असतं. त्यांनी हो म्हटलं.

१० तारखेला बाकीचे सदस्य शपथेसाठी उभे राहिले आणि बाँड यांना बसून राहायला सांगितलं. मग समितीपुढे सुनावणी झाली. सक्तीच्या लष्करभरतीची कार्डं जाळणाऱ्यांचं तुम्ही कौतुक करता का, हा मुख्य प्रश्न. बाँड म्हणाले, परिणाम माहीत असूनही स्वतःच्या श्रद्धेनं वागणाऱ्याच्या धैर्याचं मला कौतुक वाटतं, पण कार्ड जाळा असं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. माझं स्वतःचं कार्ड या क्षणी माझ्या खिशात आहे, हवं तर काढून दाखवतो.

मी तो उतारा किती वेळा वाचला असेन. निवडून आलेला माणूस, ज्याच्या मागे हजारो मतं आहेत, तो आपण गुन्हेगार नाही हे दाखवायला खिशातलं कार्ड काढायला तयार आहे. तरी १८४ विरुद्ध १२ मतांनी त्यांना शपथ नाकारली.

पुढचं वर्ष विलक्षण आहे. राज्यपालांनी रिकाम्या जागेसाठी पोटनिवडणूक लावली. बाँड उभे राहिले, समोर कुणीच नाही, निवडून आले. सभागृहानं पुन्हा घेतलं नाही. नोव्हेंबरच्या नियमित निवडणुकीत तिसऱ्यांदा निवडून आले. एकाच मतदारसंघानं दीड वर्षात तीनदा तेच उत्तर दिलं. ५ डिसेंबर १९६६ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला, की सभागृहाचं हे वागणं घटनाबाह्य आहे. ९ जानेवारी १९६७ ला बाँड यांनी शपथ घेतली.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. १३६व्या मतदारसंघातल्या लोकांना एक अख्खं वर्ष विधानसभेत आवाज नव्हता. त्या वर्षात मंजूर झालेले कायदे त्यांनाही लागू झाले. मला वाटतं, बाँड यांचा खटला भाषणस्वातंत्र्याचा म्हणून शिकवतात ते बरोबरच आहे, पण मुळात तो या लोकांचा होता. खुर्ची त्यांची होती.

पुढचा प्रवास (विधानसभा, राज्य सिनेट, अमेरिकी संसदेच्या निवडणुकीतली हार, नंतरची चळवळ) प्रतिसादांत लिहीन. कुणाला माहिती असेल तर जरूर भर घाला.

---

सीताबर्डीकर :

ताई, लेख फार आवडला. एक धागा नागपूरचा आहे, तो जोडतो.

स्निक ही संघटना एप्रिल १९६० मध्ये रॅली शहरात एका परिषदेत जन्मली. बाँडही तिथे होते. त्या परिषदेत अहिंसेवर मुख्य मांडणी करणारे आणि संघटनेच्या उद्देशपत्रिकेचा मसुदा लिहिणारे जेम्स लॉसन हे त्याआधी तीन वर्षं, १९५३ ते ५६, आमच्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. कोरियन युद्धाच्या वेळी लष्करभरती नाकारली म्हणून ते अमेरिकेत तुरुंगात गेले होते. सुटल्यावर मेथडिस्ट चर्चतर्फे नागपूरला आले, मुलांना शिकवलं, खेळांचं प्रशिक्षण दिलं आणि गांधीजींचा अभ्यास केला. अलाबामातल्या माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी बसवर घातलेल्या बहिष्काराची बातमी त्यांनी नागपूरच्या वर्तमानपत्रात वाचली. परत गेल्यावर नॅशव्हिलमध्ये विद्यार्थ्यांची शिबिरं घेतली. पुढे स्निकचे अध्यक्ष झालेले जॉन लुईस त्यांचेच शिष्य. शिबिरात मुलं एकमेकांना शिव्या द्यायची, ढकलायची, अंगावर काहीबाही ओतायची, आणि समोरच्यानं हात उचलायचा नाही, असा सराव चाले.

लॉसन २०२४ च्या जूनमध्ये गेले. माझे वडील हिस्लॉपचे, पण त्यांच्या बऱ्याच नंतरचे. कॉलेजच्या त्या पायऱ्या चढताना इतकी वर्षं मला यातलं काही माहीत नव्हतं, याचं आज वाईट वाटतंय.

---

वकिली_वही :

रानजाई, सुंदर लिहिलंयत. खटल्याबद्दल थोडं सांगतो, कारण निकालातला मुद्दा वाटतो त्याहून बारीक आहे.

खालच्या न्यायालयात बाँड दोन विरुद्ध एक असे हरले होते. विरोधी मत देणारे न्यायाधीश एल्बर्ट टटल, दक्षिणेतल्या नागरी हक्कांच्या खटल्यांतलं फार मोठं नाव. राज्याचा युक्तिवाद असा होता : सदस्यानं घटनेला पाठिंबा देण्याची शपथ घ्यायची असते. यांची विधानं पाहता ही शपथ मनापासून असणार नाही. म्हणून आम्ही ती घेऊ देत नाही.

सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकाल लिहिला. त्यांचं म्हणणं, एका सदस्याची शपथ कितपत प्रामाणिक आहे हे तपासायचा अधिकार बहुमताला दिला, तर नावडती मतं असलेल्या कुणालाही ‘तुझी शपथ खोटी’ म्हणून बाहेर ठेवता येईल. राज्यानं असंही म्हटलं, की सामान्य नागरिकाला टीका करू दे, पण आमदाराकडून जास्त निष्ठा अपेक्षित आहे. वॉरन यांनी ते उलटवलं. लोकप्रतिनिधीला धोरणांवर बोलायला सर्वांत जास्त मोकळीक हवी, कारण लोकांनी त्याला त्यासाठीच पाठवलंय.

तुमच्या सासूबाईंचा प्रश्न आपल्याकडच्या न्यायालयातही आलाय. जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्र विधानसभेनं १२ आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केलं. सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०२२ ला ते रद्द केलं. शिस्तीसाठी निलंबन चालेल, पण चालू अधिवेशनापुरतं. वर्षभराचं निलंबन हे हकालपट्टीपेक्षाही वाईट, कारण हकालपट्टी झाली तर जागा रिकामी होऊन पोटनिवडणूक तरी होते. इथे जागा भरलेलीही नाही आणि रिकामीही नाही, मतदारसंघाला मात्र वाली नाही. दोन्ही प्रकरणं एकसारखी नाहीत, तिथे मतांवरून होतं, इथे सभागृहातल्या वर्तनावरून. पण मतदाराच्या बाजूनं विचार करण्याची दिशा एकच. (कृपया यावरून पक्षीय वाद नको, धागा बाँड यांचा आहे.)

---

तुळशीबाग :

लेख वाचला. थोडा वेगळा सूर लावते, राग मानू नये.

माझे काका १९६५ आणि ७१, दोन्ही युद्धांत होते. देश युद्धात असताना, मुलं सीमेवर मरत असताना, विधानसभेत बसणाऱ्यानं भरती नाकारणाऱ्यांचं कौतुक करावं, हे त्या मुलांच्या आईबापांना कसं वाटलं असेल? १८४ जण सगळेच वर्णद्वेषी होते असं मानायला मन तयार होत नाही. काहींची मुलं व्हिएतनाममध्ये असतील. न्यायालयाचा निकाल मला मान्य आहे, मतदारांचा हक्क पहिला. पण त्यांच्या रागालाही काही जागा द्यायला हवी.

---

रानजाई :

तुळशीबाग ताई, राग कसला. तुमचा मुद्दा मी टाळून लिहिलं होतं, तो आला हे बरं झालं.

राग खरा असणार. पण बाँड ज्या वस्तीतून निवडून आले तिथली मुलंही व्हिएतनामला जात होती. ती गोरी नव्हती, आणि युद्धावरून परत आल्यावर पेट्रोल पंपावर त्यांचं काय होऊ शकतं, हे सॅमी यंगच्या बाबतीत त्याच आठवड्यात दिसलं होतं. पत्रकातला राग तिथून आलेला. दोन्हीकडच्या आईबापांचं दुःख एकाच सभागृहात मांडलं जायला हवं होतं. १० जानेवारीला त्यातल्या एकाच बाजूला बसायला खुर्ची मिळाली.

आणखी एक. बाँड यांना शपथ मिळाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १० जानेवारी १९६७ ला, याच विधिमंडळानं लेस्टर मॅडॉक्स यांना राज्यपाल निवडलं. राज्यपालाच्या निवडणुकीत कुणालाच स्पष्ट बहुमत नव्हतं, म्हणून निर्णय विधिमंडळाकडे आला होता. हे मॅडॉक्स आपल्या हॉटेलात कृष्णवर्णीय गिऱ्हाईक येऊ नये म्हणून कुऱ्हाडीचे दांडे घेऊन दारात उभे राहण्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या निष्ठेची सुनावणी कुणी घेतली नाही.

---

डेकेटरवासी :

मी अटलांटाच्या पूर्वेला पंचवीस वर्षं राहतोय. १९८६ बद्दल लिहितो, कारण त्याशिवाय बाँड यांची गोष्ट अर्धी राहते. इथले जुने लोक अजूनही त्यावर बोलताना आवाज खाली करतात.

बाँड १९७५ पर्यंत विधानसभेत आणि मग १९८७ पर्यंत राज्य सिनेटमध्ये होते. १९८० च्या जनगणनेनंतर मतदारसंघ नव्यानं आखायची वेळ आली, तेव्हा अटलांटात कृष्णवर्णीय मतदार स्पष्ट बहुसंख्य असतील असा अमेरिकी काँग्रेसचा, म्हणजे संसदेचा, मतदारसंघ व्हावा म्हणून ते झगडले. विधिमंडळानं पाणी घातलेली योजना मंजूर केली. प्रकरण कोर्टात गेलं. १९८२ मध्ये कोर्टानं ती भेदभावाची ठरवली आणि नवी आखणी करावी लागली. हाच तो पाचवा मतदारसंघ.

१९८६ ला तिथली जागा मोकळी झाली. बाँड उभे राहिले. समोर कोण, तर जॉन लुईस. विचार करा, स्निकचे अध्यक्ष म्हणून ते १९६६ चं पत्रक लुईस यांनीच पत्रकारांपुढे वाचलं होतं. मतदानाच्या हक्कासाठीच्या मोर्चात सेल्माच्या पुलावर पोलिसांच्या मारानं डोकं फुटलेले लुईस आणि त्या बातम्या जगाला पोचवणारे बाँड. दोघांची कुटुंबं मित्र. पहिल्या फेरीत बाँड ४७ टक्क्यांच्या आसपास, लुईस बरेच मागे. पण पन्नास टक्के कुणालाच नाहीत, म्हणून दुसरी फेरी.

तेव्हाचा प्रचार कडवट झाला. लुईस यांचा सूर असा, की मी जहाजं ओढणारी कामाची नाव आहे, मिरवणुकीची नाव नाही. म्हणजे बाँड देखणे, टीव्हीवर झळकणारे, आणि मी खटणारा. वादसभेत लुईस यांनी अमली पदार्थांच्या चाचणीचं आव्हान दिलं. बाँड यांनी नकार दिला. त्यांच्या मते सरकारी संशयाला बळी पडून स्वतःची निर्दोषता सिद्ध करायची पद्धतच चुकीची होती. (१९६६ ला खिशातलं कार्ड काढायला तयार झालेला तोच माणूस. त्या अनुभवातून ते काय शिकले असतील, असं मला नेहमी वाटतं.) कृष्णवर्णीय मतांत बाँड पुढे होते, गोरी मतं मोठ्या प्रमाणात लुईस यांना गेली, आणि ते साधारण ५२ विरुद्ध ४८ असे जिंकले.

स्वतः झगडून मिळवलेला मतदारसंघ मित्राकडे गेला. लुईस तिथून २०२० मध्ये मरेपर्यंत खासदार होते आणि फार मोठे झाले, ते योग्यच. पण मैत्रीवरचा तो ओरखडा जायला बरीच वर्षं लागली.

---

गोदाकाठ :

ही चर्चा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. माझी आई १९९० च्या दशकात ग्रामपंचायतीत राखीव जागेवर निवडून आली होती. गावाचं नाव सांगत नाही. पहिल्या सभेला गेली तर सतरंजीवर सगळे बसलेले आणि तिला म्हणाले, वहिनी, तुम्ही घरी जा, रजिस्टर घरी पाठवतो, अंगठा द्या. आईला सही येत होती. ती दारातच उभी राहिली. कुणी सरकून जागा दिली नाही. दीड तास सभा चालली आणि ती उभीच होती. पुढच्या सभेला तिनं घरून चवाळं नेलं आणि आत अंथरून बसली. नळाचा मुद्दा तिनंच लावून धरला आणि आमच्या आळीत पाणी आलं.

अटलांटात त्या दिवशी बाकीचे सगळे उभे आणि बाँड एकटे बसलेले. इकडे सगळे बसलेले आणि आई एकटी उभी. वाचताना तेच डोळ्यांपुढे आलं.

---

वाघनदी :

डेकेटरवासी यांची माहिती मोलाची. एक विचारायचं होतं. या माणसानं वीस वर्षं राज्याच्या विधिमंडळात नेमकं काय केलं? अन्यायाची गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते, कामाची नाही.

---

रानजाई :

वाघनदी, प्रश्न रास्त आहे. जॉर्जियाचं अधिवेशन वर्षाला फक्त ४० दिवसांचं असतं, जानेवारीतल्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतं. आमदारकी ही पूर्णवेळ नोकरी नाही. बाकी वर्षभर माणूस आपापल्या पोटापाण्याचं बघतो. सुरुवातीला बाँड यांच्याशी बरेच सदस्य बोलतही नसत. तशा सभागृहात एखादं विधेयक पुढे नेणं म्हणजे दगडावर पेरणी. तरी त्यांनी कृष्णवर्णीय आमदारांचा गट बांधला, गरिबांना कमी व्याजाची घरकर्जं मिळावीत म्हणून विधेयकं आणली, आणि सिकलसेलच्या तपासणीचा कार्यक्रम राज्यात सुरू करायला लावला.

विधिमंडळाबाहेरचं काम मात्र फार मोठं. १९६८ ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात मॅडॉक्स यांनी निवडलेल्या शिष्टमंडळाला आव्हान देणारं दुसरं शिष्टमंडळ घेऊन ते गेले आणि जॉर्जियाची निम्मी मतं मिळवली. तिथेच त्यांचं नाव देशाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पुकारलं गेलं. त्यांनी उठून नम्रपणे सांगितलं, घटनेप्रमाणे ३५ वर्षं पूर्ण लागतात, मी २८ चा आहे. १९७१ मध्ये नागरी हक्कांचे खटले लढवणाऱ्या अलाबामातल्या सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९६१ मध्ये चळवळीसाठी सोडलेली मोरहाउसची पदवीही त्यांनी त्याच वर्षी पूर्ण केली! १९८६ च्या पराभवानंतर टीव्हीवरच्या नागरी हक्कांच्या गाजलेल्या माहितीपट-मालिकेला त्यांचा आवाज लाभला. इथल्या एका पिढीनं तो इतिहास त्याच आवाजात ऐकलाय. मग व्हर्जिनियात आणि वॉशिंग्टनमध्ये विद्यार्थ्यांना शिकवलं, आणि १९९८ ते २०१० एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जुन्या संघटनेचे अध्यक्ष.

मला त्यांचं आवडतं ते हे, की ते नव्या प्रश्नांवरही उशीर न लावता बोलले. समलिंगी विवाहाच्या बाजूनं ते तेव्हा बोलले, जेव्हा त्यांच्याच चळवळीतली कितीतरी वडीलधारी माणसं गप्प होती. २००६ मध्ये किंग यांच्या पत्नी कोरेटा गेल्या, तेव्हा अंत्यविधी समलिंगींविरुद्ध प्रचार करणाऱ्या चर्चमध्ये होता म्हणून ते गेले नाहीत. इतक्या जवळच्या माणसाच्या अंत्यविधीला न जाणं सोपं नसणार.

---

कुरखेडा :

सिकलसेलचा उल्लेख वाचून थांबलो. मी गडचिरोलीत आरोग्य खात्यात होतो. आमच्याकडे, तसंच तिकडे नंदुरबारला, हा आजार आदिवासी वस्त्यांत खूप. लहान पोर रात्रभर हातपाय दुखतात म्हणून रडतं, आई तेल चोळत बसते, आणि गावात म्हणतात नजर लागली. तपासणी झाली तर निदान नाव तरी कळतं, आणि लग्न जुळवताना दोन्ही घरचे विचार करू शकतात. वाहक असलेल्या दोघांचं लग्न झालं तर प्रत्येक मुलाला चारात एक इतका धोका असतो. अमेरिकेत हा आजार मुख्यतः कृष्णवर्णीयांत, त्यामुळे तिथेही तो बरीच वर्षं दुर्लक्षित राहिला. ज्याच्या वस्तीत तो आजार आहे असा माणूस विधानसभेत असल्याशिवाय तपासणीचा विषय निघत नाही, हे मी नोकरीत पाहिलंय. वाघनदी, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे.

---

सीताबर्डीकर :

कुरखेडा, फार महत्त्वाचं लिहिलंत. वेगळा धागा काढा ना यावर.

रानजाई ताई, ते शेवटी अटलांटातच गेले का?

---

रानजाई :

नाही. १५ ऑगस्ट २०१५ ला फ्लोरिडात, फोर्ट वॉल्टन बीचला. ७५ वर्षांचे होते. त्याच्या दोनच वर्षं आधी तेलवाहिनीच्या विरोधात व्हाइट हाउससमोर त्यांनी अटक करवून घेतली होती. त्यांच्या इच्छेप्रमाणे २२ ऑगस्टला मेक्सिकोच्या आखातात रक्षा विसर्जन झालं. कुटुंबानं लोकांना सांगितलं होतं, की त्याच वेळी, दुपारी, तुमच्याजवळ जे पाणी असेल त्यात फुलांच्या पाकळ्या सोडा.

कालच हे सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, त्या १२ जणांची नावं कुठे मिळतील का? विरुद्ध गेलेल्या १८४ मधल्या स्लॉपी फ्लॉइड यांचं नाव खटल्यालाही आहे आणि विधान भवनासमोरच्या सरकारी मनोऱ्यांनाही. त्या १२ जणांबद्दल मला काही सांगता आलं नाही. सभागृहाच्या जुन्या इतिवृत्तात मतांची नोंद असणार. पुढच्या आठवड्यात राज्याच्या अभिलेखागारात जाऊन बघते. मिळाली तर इथेच लिहीन.